वंशवृक्षाच्या दोन आकृत्या

काळी नदी कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, दिग्गीच्या परिसरात उगम पावते. पलीकडे गोवा, अलीकडे जोयडा तालुक्याचं जंगल. या तालुक्यातले कुणबी परसात नाना प्रकारचे कंद जोपासतात. जीवशास्त्र, आनुवंशिकी आणि भाषाशास्त्र शिकवायला याहून चांगली जागा क्वचितच मिळेल. पण विद्यार्थ्याच्या पहिल्या पुस्तकात अशा जागेला थारा नाही. तिथे वर्षानुवर्षं मेंडेलचा वाटाणाच चालतो.

अळकुडी, म्हणजे अळवाचा कंद, नीट पाहिली तर तिच्यावर वलयं आणि डोळे दिसतात, कारण ती जमिनीखालचं खोड आहे. रताळ्यावर तशी पेरं नसतात, कारण ते मूळ. अळवाच्या काही वाणांत गुणसूत्रांचे दोन संच, म्हणजे २८ गुणसूत्रं. काहींत तीन संच, म्हणजे ४२. तीन संचांची समान वाटणी होत नाही, म्हणून अशा वाणांना सहसा बी धरत नाही. कंद लावायचा, आणि नवं झाड जवळपास आईची हुबेहूब प्रत. वाटाण्याचा धडा हवाच, पण त्याला ही जोड मिळाली तर वारसा फक्त बियांतूनच येतो हा गैरसमज उरणार नाही.

उत्तर कन्नडमधल्या सिद्दींचं उदाहरण तर तिन्ही विषयांना एकत्र आणतं.

गोव्यात पोर्तुगीजांनी आणलेल्या आफ्रिकी गुलामांपैकी निसटून या जंगलांत आलेल्यांचे ते वंशज मानले जातात. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात त्यांचं मूळ मुख्यतः आफ्रिकेतल्या बांटूभाषकांशी जुळलं. भारतीय आणि थोडे युरोपीय अंशही सापडले. त्यांच्यातले बरेच जण घरात मात्र कोकणी बोलतात. जनुकं आईबापांकडूनच येतात, भाषा शेजाऱ्यांकडूनही उचलता येते. डार्विनने १८५९मध्ये सजीवांच्या वर्गीकरणाला भाषांच्या वंशावळीचा दाखला दिला होता. तो उपयोगी आहे, पण जनुकांचा आणि भाषेचा असे दोन्ही वृक्ष एकच समजले की भाषेवरून रक्त ठरवण्याचा जुना घोटाळा सुरू होतो.

मराठीत असं लिहिणं अवघड नाही. भाषाशास्त्रज्ञ ना. गो. कालेलकरांच्या ‘भाषा : इतिहास आणि भूगोल’ला १९६७मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आज इंग्रजी पाठ्यपुस्तकं मराठीत उतरवण्याची घाई आहे. भाषा बदलते, उदाहरणं परकीच राहतात. त्याऐवजी एकाच महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या आणि भाषेच्या शिक्षकांनी मिळून एक प्रकरण लिहावं. त्याखाली प्रश्न असावा: सिद्दींचा जनुकीय वंशवृक्ष आणि कोकणीचा भाषिक वंशवृक्ष शेजारी काढा, फांद्या कुठे जुळत नाहीत ते दाखवा आणि कारणं लिहा.