वाय-फायचे दार उघडे ठेवू नका

दुकानाचे शटर ओढून, कुलूप दोनदा हलवून पाहिले की व्यापारी निश्चिंत होतो. परंतु आज आपल्या घरात आणि दुकानात आणखी एक दार आहे. ते डोळ्यांना दिसत नाही आणि अनेकांनी त्याला धड कुलूपही लावलेले नाही. हे दार म्हणजे वाय-फायचा राउटर होय. इंटरनेटवाल्याचा माणूस येतो, वायर जोडतो, मोबाईल नंबरच पासवर्ड म्हणून घालतो आणि निघून जातो. पुढे वर्षानुवर्षे त्या डब्याला कोणी हात लावत नाही. ही बेफिकिरी आपल्याला परवडणारी नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना एक ई-मेल गेला होता. पोलिसांनी माग काढला, तो नवी मुंबईत सानपाडा येथे राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाच्या घरी पोहोचला. त्याचे वाय-फाय उघडे होते आणि दुसऱ्याच कोणी ते वापरले होते. त्याचा या प्रकाराशी संबंध नाही हे पुढे स्पष्ट झाले. पण तोवर चौकशी झाली, संगणक जप्त झाले, नाव वर्तमानपत्रांत झळकले. परदेशी साहेबाची ही गत, तर भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागवाल्याने किंवा मोहल्ल्यातील दुकानदाराने किती सावध राहायला हवे, हे वेगळे सांगायला नको.

"आमच्याकडे चोरण्यासारखे आहे तरी काय?" असे काही जण विचारतात. घरातच कारखाना असलेल्या कारागिराचे डिझाईन, ग्राहकांचे नंबर, उधारीचे खाते, जीएसटीची कागदपत्रे, सीसीटीव्हीचे रेकॉर्डिंग हे सारे बहुधा त्याच एका नेटवर्कवर असते. ग्राहकाची माहिती ही आपल्याकडची अमानत आहे.

उपाय मात्र सोपा आहे. त्याला पैसा लागत नाही, अर्धा तास पुरतो. राउटरच्या तळाशी एक पत्ता छापलेला असतो, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. राउटरला जोडलेल्या मोबाईलच्या ब्राउझरमध्ये हा पत्ता इंग्रजी अंकांत टाका, म्हणजे सेटिंगचे पान उघडेल. प्रथम या पानाचाच पासवर्ड बदला. तो वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो आणि 'अ‍ॅडमिन' असाच राहिला तर बाकी सारी कुलुपे व्यर्थ होत. मग सुरक्षेच्या रकान्यात डब्ल्यूपीए-३ निवडा. ते नसेल किंवा जुनी उपकरणे जोडली जात नसतील तर डब्ल्यूपीए-२. डब्ल्यूईपी चुकूनही नको, त्याची फोड २००१ सालीच झाली आहे. पासवर्ड निदान बारा अक्षरांचा असावा. त्यात दुकानाचे नाव वा मोबाईल नंबर नसावा. डब्ल्यूपीएस ही बटण दाबून किंवा पिन टाकून जोडण्याची सोय बंद करा. तिच्या आठ आकडी पिनमधील दोष २०११ साली उघड झाला आहे.

वेगाची तक्रार असेल तर नवा प्लॅन घेण्यापूर्वी राउटरची जागा पाहा. लोखंडी कपाटामागे किंवा जमिनीवर ठेवलेला राउटर दूरवर पोहोचणार नाही. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीपलीकडे जाते, पण गर्दीच्या वस्तीत तिची कोंडी होते. तेथे १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळा चॅनेल निवडावा. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण तिचा पल्ला कमी.

आता प्रश्न माणुसकीचा. शेजारच्या मुलाला अभ्यासासाठी, ग्राहकाला पैसे पाठवण्यासाठी वाय-फाय नाकारायचे काय? मुळीच नाही. बहुतेक नव्या राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असते. त्याला वेगळे नाव आणि वेगळा पासवर्ड द्या, तो मधूनमधून बदला, आणि पाहुण्यांना आपल्या संगणकापर्यंत पोहोचू देणारी सेटिंग बंद ठेवा. आपण तहानलेल्याला पाणी देतो, तिजोरीची किल्ली देत नाही; तसेच हे आहे.

हे काम घरातील शिकल्या मुलामुलींवर सोपवा, पण शेजारी बसून समजून घ्या. कनेक्शन ज्याच्या नावावर, पहिली विचारणा त्यालाच होते. येत्या सुट्टीच्या दिवशी हे काम उरकून टाका.