पंचनाम्यात माणसाचा रकाना कुठे आहे?



३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि शेजारच्या दापोली-मंडणगडातल्या नारळ-सुपारीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. (तुमच्याकडे वाडी म्हणजे वस्ती, इथे बागही.) पऱ्हाटी गेली तर वर्ष जाते. सुपारी नव्याने लावली तर फळ धरायला सहा-सात वर्षे. साठीतल्या माणसाने ती कोणासाठी लावायची? मंडणगडकडचा असाच एक बागायतदार मला भेटला. भरपाई उशिरा का होईना मिळाली, पण गडी वाडीत पाय टाकेना. वारा सुटला की रात्री उठून बसायचा. घरचे म्हणायचे, वय झाले.

तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक आले. झाडे मोजली, कौले मोजली. झोप उडालेला माणूस मोजायला पंचनाम्यात रकाना नाही. या एका जिल्ह्यात २०१९ साली तिवरे धरण फुटले, २०२० ला वादळ, २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले, आणि त्याच पावसात खेडच्या पोसऱ्यात दरडीखाली माणसे गेली. एकातून सावरण्याआधी दुसरे.

रत्नागिरीला मनोरुग्णालय १८८६ पासून आहे. पण तिथे जा म्हटले की माणूस विचारतो, मी काय वेडा आहे? उलट विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत २०१५ ला 'प्रेरणा प्रकल्प' आला. आशाताईंनी घरोघर जाऊन विचारपूस करायची, अशी त्याची रचना. आत्महत्यांचा आकडा वाढल्यावर तुम्हाला तो मिळाला. कोकणाचा आकडा लहान, म्हणून कोकण यादीत नाही. मेल्याशिवाय योजना लागू होत नाही, असा हा हिशेब. घरच्यांना १ लाख, तेही मेलेला 'पात्र' ठरला तर!

आपल्यातलेच काही म्हणतात, हे समुपदेशन म्हणजे भाव न देण्याचा बहाणा. शेतीमाल लुटायचा आणि शेतकऱ्याचेच डोके बिघडले म्हणायचे. मीही सभांतून हे बोललो आहे, आणि त्यातले अर्धे आजही खरे मानतो. समुपदेशनाने कर्ज फिटत नाही. पण २०१४ च्या गारपिटीत ज्वारी झोपली, तेव्हा हातपाय गळालेला माणूस बँकेत भांडायला तरी कुठे गेला? उठू न शकणारा माणूस मोर्चालाही येत नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी उपचार हा हक्क केला आहे. तेव्हा मागणी सरळ आहे. पंचनामा झालेल्या प्रत्येक घरी तीन महिन्यांनी आणि पुन्हा वर्षाने आशाताईने जावे, त्या कामाचे तिला वेगळे मानधन मिळावे, औषध प्राथमिक आरोग्य केंद्रातच मिळावे. वर्षाची फेरी सोडू नका. पहिल्या महिन्यात पुढारी, पत्रकार, शिधा सगळेच येते, माणूस खचतो तो नंतर, उसनवारी मागायला लोक दारात आले की.

तोवर १४४१६ हा सरकारी फोन आहे, फुकट, मराठीत बोलता येते. नंबर चावडीवर लिहून ठेवा.

येत्या जिल्हा बैठकीत हा ठराव मांडणार आहे. येताना गावच्या आशाताईला सोबत आणा; तिला किती घरे आणि किती मानधन, ते तिच्याच तोंडून ऐकू.