शर्मिष्ठेची निवड

वि. स. खांडेकरांची ‘ययाती’ १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि मराठीला पहिले ज्ञानपीठ, १९७४ चे, याच कादंबरीमुळे मिळाले. हर्सूलच्या आपल्या वसतिगृहातील मुली ती आजही आवडीने वाचतात. वाचून झाल्यावर बहुतेकींचा कौल ठरलेला असतो: देवयानी अहंकारी, शर्मिष्ठा त्यागी. या कौलाला माझी हरकत आहे.

शर्मिष्ठा ही असुरराज वृषपर्व्याची कन्या. शुक्राचार्यांचा रोष टळावा म्हणून ती देवयानीची दासी होते. पण दासी झालेल्या स्त्रीने जिथे राबायचे त्याच घराच्या धन्यावर जीव लावला, तर त्याला निवड म्हणायचे का? ज्यांच्या आज्या-पणज्या वाड्यांवर राबल्या, त्यांनी तरी हा प्रश्न विचारावा. धन्याची मर्जी आणि प्रेम यांतील अंतर त्या म्हाताऱ्या बायका एकही पुस्तक न वाचता सांगत.

मूळ कथा पाहू. महाभारताच्या आदिपर्वात शर्मिष्ठा स्वतः ययातीपुढे उभी राहते आणि अपत्याची मागणी करते. राजा आढेवेढे घेतो, तेव्हा ती त्याच्याशी धर्माच्या भाषेत वाद घालते. द्रुह्यू, अनू आणि पुरू हे तिचे तीन पुत्र. ती बोलते ती हक्काची भाषा. खांडेकरांनी ती मागणी काढून घेतली आणि तिच्या जागी उत्कट प्रेम ठेवले. कादंबरीला ते शोभले, शर्मिष्ठेला मात्र महागात पडले. मागणारीला निदान तक्रार करता येते. नुसत्या प्रेम करणारीच्या वाट्याला सोसणे तेवढे उरते.

आणि हा प्रियकर तरी कसा? राजवाड्यातील सोनेरी केसांची अलका त्याच्यापायी विषाने मेली, हे वाचकाला आधीच ठाऊक असते. शर्मिष्ठेला तान्ह्या पुरूसह रातोरात हस्तिनापूर सोडावे लागते. हा सम्राट तिला गुपचूप बाहेर काढतो, पण ‘ही माझी आहे’ असे देवयानीसमोर छातीठोकपणे म्हणत नाही. पुढची अठरा वर्षे तो मद्यात आणि स्त्रियांत बुडतो. ती त्याचा मुलगा वाढवते, शिवाय त्याची आठवणही जपते! तिने कचावर प्रेम करायला हवे होते, असे काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. एका पुरुषाऐवजी दुसरा सुचवल्याने तिची दासी म्हणून असलेली स्थिती तसूभरही बदलत नाही.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या दलित वर्ग महिला परिषदेत बाबासाहेबांनी लग्नाची घाई करू नका असे बजावले होते. पत्नीने पतीची मैत्रीण म्हणून, बरोबरीच्या नात्याने उभे राहावे आणि त्याची गुलामी नाकारावी, असेही ते म्हणाले. ‘ययाती’ त्यानंतर सतरा वर्षांनी आली. खांडेकर ध्येयवादी लेखक होते, दीनदुबळ्यांविषयीचा त्यांचा कळवळा खरा होता, याविषयी वाद नाही. तरी ययातीला स्पष्ट नकार देण्याचा प्रसंग त्यांनी शर्मिष्ठेच्या वाट्याला येऊ दिला नाही.

पुरू पित्याचे वार्धक्य पत्करतो, ते प्रकरण मुलींनी पुन्हा वाचावे. अठरा वर्षे एकटीने वाढवलेला मुलगा तिला न विचारता त्या माणसासाठी पणाला लागतो. मराठीच्या तासाला शिक्षकांनी तिथेच पुस्तक मिटावे आणि शर्मिष्ठेच्या वतीने ययातीला एक पत्र लिहायला सांगावे.