पोरांना शीव दाखवा



जून लागला की आपली पोरं पेटी घेऊन आश्रमशाळेत, वसतिगृहात जातात. जायलाच पाहिजेत. आपला अंगठा घेऊन कुणीही कागद केला, ते दिवस पोरांवर येऊ नयेत. पण पोरगं शिकतं आणि गावाला परकं होतं, हेही आता उघड बोललं पाहिजे.

धारूरच्या डोंगरात तर दुहेरी अडचण. दिवाळीच्या सुट्टीला पोरगं घरी येतं, तेव्हा दाराला कुलूप. आईबाप कोयता घेऊन कारखान्यावर गेलेले. तिकडे वसतिगृहात बोली बोललं तर बाकीची पोरं हसतात. पारधी पोरगं तर बोली लपवूनच ठेवतं. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून कित्येक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. तो कायदा 1952 साली गेला, शिक्का गेला नाही. त्याला भिऊन पोरगं गप्प राहतं. दोष त्याचा नाही.

पण बोलीबरोबर जमीनही जाते, हे ध्यानात घ्या. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली दावा करायचा तर दोन तरी पुरावे लागतात. नियम 13 मध्ये कागदपत्रांशिवाय आणखी पुरावे दिले आहेत : वडीलधाऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाब, वंशावळ, जुनी विहीर, पुरल्याची जागा, देवाची जागा. हे सगळं आपल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे आणि आपल्या बोलीत आहे. म्हातारं माणूस गेलं की पुरावा गेला. म्हाताऱ्याला खुणा माहीत आहेत, पोराला अक्षर येतं. ही दोघं एका जागी बसली तरच दावा उभा राहतो.

म्हणून आमचं सांगणं असं :

मे महिन्यात टोळ्या परत आलेल्या असतात, पोरांनाही सुट्टी असते. तेव्हा प्रत्येक वाडीने एक दिवस काढावा. म्हाताऱ्यांनी पुढं चालावं, पोरांनी वही घेऊन मागं. झरा, माळ, देव, बांध, ज्याचं जे नाव आपल्या बोलीत आहे ते तसंच लिहावं. ती वही वन हक्क समितीपुढे ठेवावी.

वसतिगृहात भेटायला गेलात तर पोराशी आपल्या बोलीत बोला. आवाज बारीक करू नका. आपण लाजलो तर पोरगं लाजणारच.

देवाच्या कामाला पोरांना घरी सोडावं, असा ठराव ग्रामसभेत करून शाळेला द्या. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्याने करावी, असं घटनेचं कलम 350-क सांगतं. ते मागायला भिऊ नका.

उद्या सातबाऱ्यावर पोराचं नाव लागेल. तेव्हा आपलं रान कुठून कुठवर आहे, हे त्याला दुसऱ्याला विचारावं लागू नये.