जुन्या कलेक्टर बंगल्याचे छप्पर आणि नियोजित विस्तारीकरण : नागरिकांचे निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी महोदय

विषय : शहराच्या मध्यवस्तीतील जुन्या कलेक्टर बंगल्याचे उतरवलेले छप्पर मृगाआधी पूर्ववत करणे व विस्तारीकरणाचा आराखडा नागरिकांसमोर ठेवणे याबाबत.

संदर्भ : आमची यापूर्वीची सर्व निवेदने. त्यांच्या पोचपावत्या आमच्याकडे आहेत, उत्तरे नाहीत.

महोदय,

आपण पदभार घेतल्यानंतर या विषयावरचे हे आमचे पहिलेच निवेदन. आपल्या कार्यालयाला मात्र ते पहिले नाही. आपल्या आधीच्या दोन साहेबांच्या काळात दिलेल्या निवेदनांच्या शिक्का मारलेल्या प्रती सोबत जोडल्या आहेत. आवक नोंदवही पाहिल्यास मूळ प्रती सापडाव्यात. न सापडल्यास याच प्रती फाईलला लावून घ्याव्यात, म्हणजे ‘आमच्याकडे असे काही आलेलेच नाही’ हे पुन्हा ऐकावे लागणार नाही.

वारसा वास्तूंचे नियम, निविदेची पद्धत, मंजुरीचे अधिकार हे सारे आपणांस ठाऊक आहे. ते येथे उतरवून काढत नाही. थेट छपराकडे येतो.

बंगल्याच्या पूर्वेकडील पाख्याची कौले बांधकाम खात्याने दुरुस्तीसाठी उतरवली. त्या वेळी जागेवर आलेल्या अभियंत्यांनी आम्हाला तोंडी सांगितले होते की रिपा बदलायच्या, फुटकी कौले वेगळी काढायची, आणि पावसाळ्यापूर्वी सगळे जागच्या जागी. तो पावसाळा गेला. त्यानंतरचाही गेला. कौलांच्या जागी निळी ताडपत्री आली, ती वाऱ्याने फाटली, मग तिच्यावर दुसरी आली आणि ती उडू नये म्हणून वर विटा ठेवल्या गेल्या. त्यांतल्या काही विटा पाण्याने भरलेल्या ताडपत्रीसकट आत, दिवाणखान्याच्या लाकडी तक्तपोशीवर कोसळल्या. त्याची छायाचित्रे आम्ही तेव्हाच दिली होती. पुन्हा जोडली आहेत.

पाणी कोठून कोठे जाते ते कृपया एकदा स्वतः पाहावे. आढ्याच्या सागवानी लाकडाला आजही फारसे काही झालेले नाही. जुना साग आहे, तो सोसतो. नुकसान आहे ते वाशांच्या टोकांशी. वासे जेथे भिंतीवर टेकतात तेथे पाणी साचून राहते, लाकूड आतून मऊ पडते आणि मागाहून वाळवी येते. पूर्वेकडच्या वाशांची टोके आज बोटाने दाबली तर भुसा निघतो. तेथून पाणी भिंतीत उतरते. भिंती दगडी, चुन्यात बांधलेल्या. असा चुना पाऊस पितो आणि उन्हात परत सोडतो, म्हणून त्या इतकी वर्षे उभ्या राहिल्या. पण मधल्या काळात कोणीतरी आतून सिमेंटचा गिलावा केला. आता वरून शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. गिलावा फुगतो, त्याचे पोपडे पडतात, आतला चुना भुसभुशीत होऊन दरजांतून गळतो. कार्यालयातील एका अधिकाऱ्यांनी यावर ‘जुन्या भिंती आहेत, ओल येणारच’ असे सांगितले. त्याच बंगल्याच्या पश्चिमेकडील खोल्या त्यांनी पाहिल्या असत्या तर बरे झाले असते.

त्या पश्चिमेच्या खोल्या या निवेदनाचा मुख्य पुरावा आहेत. तेथे जुने दप्तर ठेवले असल्याने तिकडची कौले कोणी उतरवली नाहीत. दगड तोच, चुना तोच, साग तोच, वय तेच. त्या खोल्या आज कोरड्या आहेत. कागदाला कसरही लागलेली नाही. दोन्ही बाजूंत फरक फक्त छपराचा आहे.

असे असताना इमारतीची संरचनात्मक तपासणी झाली ती भर पावसात, आणि अहवालात जोडलेली छायाचित्रे एकजात पूर्वेच्या बाजूची आहेत. पश्चिमेच्या खोल्यांचा उल्लेख एका ओळीत, तोही ‘कुलूपबंद असल्याने पाहणी करता आली नाही’ असा. किल्ली आपल्याच कार्यालयात असते. या अहवालाच्या आधारे इमारत ‘धोकादायक’ ठरवून तिच्या निर्लेखनाचा प्रस्ताव तयार होत असल्याचे आमच्या कानावर आले आहे. खरे असल्यास क्रम असा होतो : आधी छप्पर काढायचे, दोन पावसाळे पाणी आत घ्यायचे आणि नंतर इमारत ओली आहे म्हणून ती पाडायची. हा क्रम कोणी ठरवून केला असे आमचे म्हणणे नाही. पण ठरवून केला असता तरी याहून वेगळे काही करावे लागले नसते.

उतरवलेली कौलेही आता सुरक्षित नाहीत. मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना १८६५ साली काढला. तेथून आलेली, मागे शिक्का असलेली कौले या पाख्यावर होती. ती कडुनिंबाखाली रचून ठेवली होती आणि मोजून नोंद केली आहे असे आम्हाला सांगण्यात आले होते. नोंद मागितली, मिळाली नाही. रास मात्र दर महिन्याला खाली बसते आहे. जुन्या कौलांना सध्या हॉटेल आणि फार्महाऊसवाल्यांकडून बरी किंमत येते, हे आपणांस माहीत असेलच.

दिलेले शब्दही एकदा क्रमाने पाहावेत. पहिल्या वर्षी ‘पावसाळ्यापूर्वी’. पावसाळा लागल्यावर ‘पाऊस ओसरला की’. नंतर आचारसंहिता होती. ती उठल्यावर निविदेला प्रतिसाद नव्हता. मग निविदेच्या आधी विस्तारीकरणाचा एकत्रित आराखडा करावा असे ठरले, आणि तेव्हापासून छपराचा वेगळा विचार करता येत नाही असे उत्तर मिळते. आपल्या आधीच्या साहेबांनी स्वतः जागेवर येऊन ‘आठ दिवसांत ताडपत्री काढून पत्रे तरी टाकतो’ असे सर्वांसमक्ष सांगितले होते. त्यांची बदली झाली. ताडपत्री आहे.

म्हणून आमची पहिली आणि मुख्य मागणी : विस्तारीकरणाची फाईल जेथे असेल तेथे असू द्यावी, छपराचे काम तिच्यापासून वेगळे काढावे आणि मृग निघण्याआधी पूर्वेचा पाखा बंद करावा. कौले पुरत नसतील तर यंदापुरते पत्रे चालतील. आमचा हट्ट शोभेचा नाही. वाशांची कुजलेली टोके तेवढी कापून सागाचेच जोड द्यावेत, अख्खे वासे उतरवू नयेत. आतला सिमेंटचा गिलावा खरवडून भिंतींना एक उन्हाळा मोकळा श्वास घेऊ द्यावा. चुन्याचे काम पाऊस सरल्यावर, थंडीत काढावे, कारण चुन्याला सावकाश सुकणे मानवते. ते काम जाणणारे गवंडी या जिल्ह्यात अजून आहेत; हवे असल्यास आम्ही गाठ घालून देतो. आणि निर्लेखनाचा प्रस्ताव, असल्यास, दोन्ही बाजूंची कोरड्या ऋतूत फेरतपासणी होईपर्यंत थांबवावा.

आता विस्तारीकरणाबद्दल. या विषयावर शहरात एकमत नाही, हे आम्ही लपवत नाही. काहींना तेथे संग्रहालय हवे आहे. बाजारपेठेतील काही व्यापाऱ्यांना वाहनतळ हवा आहे. ‘इंग्रजांचा बंगला, पडला तर काय बिघडले’ असेही म्हणणारे आहेत. बंगला इंग्रज साहेबासाठी बांधला हे खरे. दगड मात्र येथल्या खाणीचा, घडवणारे पाथरवट येथले आणि पैसा येथल्या शेतसाऱ्याचा. आमच्यापैकी बहुतेकांचे मत असे की कलेक्टरांनी तेथेच राहावे. जिल्ह्याचा अधिकारी बाजाराच्या हाकेच्या अंतरावर राहतो तेव्हा लोकांची गाऱ्हाणी त्याच्या दारापर्यंत पोचतात. सध्याचे निवासस्थान शहराबाहेर आहे आणि तेथे जायला एस.टी. नाही. तेव्हा निवासासाठी चार खोल्या वाढवायला आमचा विरोध नाही. अभ्यागत कक्ष, कार्यालय, सुरक्षारक्षकांची चौकी यांची गरजही आम्ही समजू शकतो.

विरोध आहे तो ज्या पद्धतीने हे चालले आहे तिला. आराखडा कोणी पाहिलेला नाही. ऐकिवात असे की दर्शनी अंगणात दुमजली काँक्रीटची इमारत, तिच्यात सभागृह आणि अतिविशिष्ट पाहुण्यांसाठी दालने येणार, आणि जुना बंगला तिच्या मागे झाकला जाणार. मागच्या बाजूला पडक्या तबेल्यांची आणि पत्र्याच्या गॅरेजची एवढी जागा रिकामी असताना बांधकाम पुढेच का, हे विचारले तर ‘आर्किटेक्टने ठरवले आहे’ असे सांगतात. शिवाजी पार्कवरच्या महापौर बंगल्याचे स्मारकात रूपांतर करताना त्या निर्णयावर कितीतरी वाद झाला. तरी जुनी वास्तू राखण्यासाठी वाढीव दालने जमिनीखाली नेली गेली. आमच्याकडे तर जमिनीखाली जायचीही गरज नाही. मागे सरकले तरी पुरे.

‘जुन्या इमारतीत आधुनिक कामकाज चालत नाही’ हे कारणही बैठकीत सांगितले गेले. पणजीचा आदिलशाही राजवाडा १७५९ पासून पोर्तुगीज व्हाइसरॉयचे निवासस्थान होता. गव्हर्नर १९१८ साली काबोला राहायला गेले, राजवाड्यात सचिवालय आले, आणि गोव्याची विधानसभा २००० सालापर्यंत त्याच वास्तूत भरत होती. पुण्यात गणेशखिंडीचे गव्हर्न्मेंट हाऊस १९४९ पासून विद्यापीठाकडे आहे. एका अधिकाऱ्यांनी मलबार हिलवरील राजभवनातल्या ‘जलभूषण’चा दाखला दिला, की तेथेही जुने काढून नवे बांधलेच. बांधले. पण तेथे पायाभरणी २०१९ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते झाली आणि उद्घाटन २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या. काय होणार आहे ते सर्वांना ठाऊक होते. आमच्याकडे ताडपत्रीखाली काय ठरते आहे ते कोणालाच ठाऊक नाही.

गणेशखिंडीचीच आणखी एक गोष्ट आपल्या अभियंत्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. १८६४ साली बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना सुरू झालेले ते बांधकाम १८७१ मध्ये पुरे झाले आणि खर्च इतका फुगला की ब्रिटिश संसदेत त्यावर टीका झाली. साहेबाच्या राज्यातही गव्हर्नरच्या बंगल्याचा हिशेब विचारला गेला. आम्ही फक्त अंदाजपत्रकाची प्रत मागत आहोत. माहिती अधिकारात मागितली असता ‘प्रकरण प्रक्रियेत असल्याने’ ती देता येत नाही असे कळवण्यात आले. अपील केले आहे.

म्हणून दुसरी मागणी : आराखडा, अंदाजपत्रक आणि संरचनात्मक अहवाल कार्यालयाच्या फलकावर व संकेतस्थळावर लावावेत आणि निविदेपूर्वी नागरिकांची एक बैठक घ्यावी. बैठक बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी ठेवावी. मागची बैठक सोमवारी सकाळी अकराला ठेवून ‘नागरिकांचा प्रतिसाद मिळाला नाही’ असा शेरा मारण्यात आला होता.

इतर मागण्या थोडक्यात. आवारातील वड व चिंचेची झाडे तोडू नयेत. मागच्या फाटकातून शाळेकडे जाणारी वहिवाटीची पायवाट बंद झाली आहे, ती खुली करावी. पश्चिमेच्या खोल्यांतील दप्तर हलवण्यापूर्वी त्याची यादी करावी. रात्रीचा पहारेकरी नेमावा. कौलांची रास त्याच्या नजरेसमोर असावी.

महोदय, आपण नवीन आहात आणि या दिरंगाईत आपला वाटा नाही, हे आम्ही जाणतो. पण पाऊस नव्या साहेबांसाठी थांबत नाही. छपराचे काम वेगळे काढल्याचा लेखी आदेश पंधरा दिवसांत मिळावा. तोंडी आश्वासन, कृपया, नको. ती आमच्याकडे पुरेशी आहेत. मुदतीत उत्तर न आल्यास आम्ही बंगल्याच्या फाटकासमोर धरणे धरू आणि स्वखर्चाने आणलेली ताडपत्री कार्यालयात जमा करू. तिची पोच मिळावी.

कळावे,

आपले,
बंगल्याच्या परिसरातील रहिवासी व नागरिक
(सह्यांची यादी स्वतंत्र जोडली आहे)

सोबत :
१. यापूर्वीच्या निवेदनांच्या पोच असलेल्या प्रती
२. पूर्व व पश्चिम बाजूंची छायाचित्रे, एकाच दिवशी काढलेली
३. माहिती अधिकार अर्ज, उत्तर व अपील यांच्या प्रती

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी : बांधकाम खात्याचे संबंधित अभियंता. यापूर्वीच्या प्रतीही त्यांना ‘कार्यवाहीसाठी’च दिल्या होत्या.