कप्प्यांत विखुरलेला आजार
स्वादुपिंडात गाठ, डोळे पिवळे, वजन उतरलेलं. कर्करोग समजून मोठी शस्त्रक्रिया होते आणि काढलेल्या भागात कर्करोग सापडतच नाही, असं घडलेलं आहे. त्यातल्या काहींना असतो आयजीजी४-संबंधित आजार. प्रतिकारशक्तीच्या पेशी अवयवात ठाण मांडतात, तिथे तंतुमय ऊतक साचतं, अवयव सुजतो आणि पुढे निकामी होऊ शकतो. लाळग्रंथी सुजल्या तर मिकुलिक्झ, थायरॉइड कडक झालं तर रीडेल, पोटामागच्या तंतूंनी मूत्रवाहिन्या आवळल्या तर ऑर्मंड, अशी नावं दशकानुदशकं वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या कप्प्यांत पडून होती. यातली बरीच प्रकरणं एकाच आजाराची निघाली. २००१ मध्ये जपानी डॉक्टरांनी स्वादुपिंडाच्या अशा रुग्णांच्या रक्तात आयजीजी४ हे प्रतिपिंड (अँटिबॉडी) वाढलेलं दाखवलं. २००३ मध्ये तेरुमी कामिसावा यांनी हा साऱ्या शरीराचा आजार असल्याचं मांडलं.

इतक्या दुर्मिळ आजारासाठी डोकेफोड कशाला, असं कुणी म्हणेल. कारण तो वेळीच ओळखला तर स्टेरॉइडने बहुधा काही आठवड्यांत सूज ओसरते. तंतू मुरले की औषध फारसं चालत नाही. मग रक्ततपासणी करून मोकळं व्हावं? तेही नाही. काही रुग्णांत आयजीजी४ वाढलेलं नसतं, उलट इतर आजारांतही ते वाढतं. म्हणून बायॉप्सीत चटईच्या विणीसारखे दिसणारे तंतू शोधावे लागतात. 'स्टेरॉइड देऊन बघू' हा मार्ग तर आपल्याकडे विशेष धोक्याचा: लपलेला क्षयरोग त्याने उफाळू शकतो आणि लिम्फोमा (लसिकापेशींचा कर्करोग) काही काळ झाकला जातो. पोटाच्या डॉक्टरला लाळग्रंथींच्या जुन्या सुजेबद्दल विचारायला मात्र एक मिनिटही लागत नाही.