गावंढळ कोणाला म्हणायचे?

अमेरिकेच्या दक्षिणेतील खेड्यापाड्यांत रुजलेल्या गायन-वादन परंपरेला कंट्री संगीत म्हणतात. या परंपरेतील रॉय क्लार्क यांचे नाव निघाले की ‘ही हॉ’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे हसतमुख सूत्रसंचालक एवढ्यावरच त्यांची बोळवण केली जाते आणि वर ‘गावंढळ’ हे विशेषण चिकटवले जाते. हा मोठा अन्याय आहे.

क्लार्क यांचा जन्म १५ एप्रिल १९३३ रोजी व्हर्जिनिया राज्यातील मेहेरिन येथे झाला, किशोरवयातच त्यांनी बॅन्जोवादनाची राष्ट्रीय स्पर्धा दोनदा जिंकली, १९६९ पासून बक ओवेन्स यांच्यासह ‘ही हॉ’चे सूत्रसंचालन केले, १९७६ साली सोव्हिएत संघाचा दौरा केला आणि १५ नोव्हेंबर २०१८ रोजी टल्सा येथे त्यांचे निधन झाले.

येथे बॅन्जो या शब्दाचा खुलासा करणे भाग आहे, कारण महाराष्ट्रातील मिरवणुकीत वाजणारा ‘बेंजो’ म्हणजे बटणे दाबून वाजवायचा बुलबुल तरंग होय. अमेरिकी बॅन्जोच्या गोल कड्यावर डफासारखे चामडे ताणलेले असते आणि त्याची पाचवी तार इतरांपेक्षा आखूड असून दांडीच्या मध्येच बसवलेल्या खुंटीपासून निघते. अंगठा त्या तारेवर एकच उंच स्वर पुन्हा पुन्हा छेडत राहतो आणि बाकीची बोटे त्याभोवती चाल विणतात. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या वाद्यपरंपरेतून हे वाद्य घडले, हे ध्यानात घेतले की त्याला हलके लेखणे अधिकच खटकते.

‘ही हॉ’ हे गाढवाच्या ओरडण्याचे इंग्रजी अनुकरण असून, कार्यक्रमात मक्याच्या शेतातून डोके वर काढून विनोद सांगणारी पात्रे असत. मात्र ओवेन्स गिटार आणि क्लार्क बॅन्जो घेऊन बसले की दोन विनोदांच्या मध्ये अस्सल वादन ऐकायला मिळे. १९७५ साली ‘द ऑड कपल’ या विनोदी मालिकेत क्लार्क यांनी गिटारवर वाजवलेली, क्यूबाचे संगीतकार एर्नेस्तो लेकुओना यांची ‘मालागेन्या’ ही रचना ऐकणाऱ्याला त्यांच्या तयारीचा वेगळा पुरावा लागत नाही.

अन्याय केवळ कलावंतावर झाला नाही. १९७१ साली सीबीएस वाहिनीने ‘ही हॉ’सह ग्रामीण वळणाचे अनेक कार्यक्रम बंद केले. त्यांना प्रेक्षक नव्हते असे मुळीच नाही. जाहिरातदारांना शहरी आणि तरुण प्रेक्षक हवा होता, म्हणून खेड्यातला आणि वयस्क प्रेक्षक संख्येने मोठा असूनही बिनकामाचा ठरला. ‘गावंढळ’ हा शेरा असा एका माणसावरून त्याच्या सगळ्या श्रोत्यांवर पसरतो. निर्मात्यांनी मग तोच कार्यक्रम ठिकठिकाणच्या स्थानिक केंद्रांना थेट विकला, आणि मोठ्या वाहिनीने नाकारलेल्या त्याच प्रेक्षकांनी तो पुढे दोन दशके चालवून दाखवला.